सेन्सरची झोप

चहा घ्या, पण त्या साखर कारखान्याचं विचारू नका, असं मी दर वेळी म्हणतो आणि दर वेळी सांगतच बसतो.

वाफेनं आणि हादऱ्यानं तिथं वायरी टिकत नव्हत्या, म्हणून उसाच्या मिलच्या बेअरिंगांवर आम्ही बिनवायरीचे सेन्सर बसवत होतो. बेअरिंग तापलं की ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर कळायचं. तोवर हे काम निमोण्याचे बबनमामा हात लावून करायचे. त्यांची बायको दौंडला दवाखान्यात होती. एक दिवस रात्रभर तिच्या उशाशी बसून मामा तसेच ड्युटीवर आले आणि स्टुलावर त्यांचा डोळा लागला.

चीफ इंजिनियरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मी तिथंच होतो. मामांना उभं ठेवून साहेबांनी माझ्या हातातल्या सेन्सरकडे बघत मला विचारलं, "एवढ्याशा सेलवर हे वर्षभर चालतं कसं?"

"बराच वेळ झोपूनच असतं, सर. मधेच उठतं, तापमान कळवतं आणि परत झोपतं."

"वा! हुशार आहे."

मामा हळूच म्हणाले, "सायेब, मी बी हाक मारल्याबरोबर उठलो की."

साहेब हसले नाहीत. "मामा, उद्यापासून येऊ नका. आता गरज नाही."

"व्हय," म्हणून मामा बाहेर पडले.

दुपारी त्यांच्याच मिलवर मी सेन्सर बसवत होतो. हादऱ्यानं शिडी सरकायला लागली, तेवढ्यात खालून कुणीतरी ती घट्ट धरली. बघतो तर मामा.

"मामा, तुम्ही दवाखान्यात जावा ना."

"जातोच हाय. पर तुम्ही पडाल. आधी तुमचं हुंद्या."