काशव्वांचं उकळलेलं मांजरपाट

ईट गावच्या मंडळींनो, काशव्वांच्या दुकानासमोर तुम्ही एवढे जमलात आणि एकानंही कापडाचा भाव पाडून मागितला नाही! त्यांनी हे पाहिलं असतं तर गावाला काही रोग झालाय असंच त्यांना वाटलं असतं. मी तुमचा शास्त्री, देवळात प्रवचन करणारा आणि वर्तमानपत्राला बातम्या धाडणारा. कुणाचंही मरण तीन ओळींत बसवतो. आज त्या तीन ओळी सुचत नाहीत.

बाळंतिणीला घरातल्या मळक्या चिंध्या द्यायच्या, ही आपली जुनी रीत. विटाळाला नवं कापड कशाला? काशव्वांच्या कापडानं भरलेल्या घरातही तेच. त्यांची सून आणि त्यांच्या शेतात राबणारी सखू एकाच आठवड्यात बाळंत झाल्या. दोघींना ताप भरला. सून उठली. सखू गेली.

काशव्वांनी परंड्याच्या डॉक्टरांना गाठलं. "चिंधी दोघींची सारखीच. मग सखूच का वो?"

डॉक्टर म्हणाले, "अक्का, मळक्या चिंधीतनं विष दोघींच्याही रक्तात शिरलं. सुनेच्या अंगात दूधतूप होतं. सखूला वर्षभर हिवताप, पोटाला अर्धी भाकर. ती लढणार कशानं?"

दुसऱ्या दिवशी बाई माझ्या दारात. "शास्त्रीबुवा, चिंधीच पायजे असं पोथीत लिवलंय का?"

मी पोथ्या धुंडाळल्या. "नाही, अक्का."

"मग देवळाम्होरं वरडून सांगा. संस्कृतात नगं, माणसाला कळंल असं."

सांगितलं, मंडळी. माझ्या प्रवचनात कुणी झोपलं नाही, असं ते एकमेव प्रवचन!

पुढं महायुद्धात बाजारातनं कापड दिसेनासं झालं. तरी बाळंतिणीच्या घरी काशव्वांचं उकळलेलं मांजरपाट पोचलंच. नुसतं कापड नाही. पोटुशी बाई दिसली की दूध. हिवतापाची असली की कोयनेलची गोळी. म्हणायच्या, "कापड भायेरनं राखतंय, आतनं कोण राखणार?" कुणाचं घर, कुणाची जात, हे त्यांनी विचारलं नाही. काय खाल्लंस, एवढंच विचारलं.

गेल्या महिन्यात त्यांच्याच पायात काटा मोडला. मधुमेह जुना. जखम चिघळली, विष रक्तात गेलं, डॉक्टरांनी हात टेकले. माझे डोळे भरले, तर मलाच समजावलं, "सखूला ताकद न्हवती, मला साखर लई. घर भरलेलं असून काय, दार आतनंच उघडं. रडू नगा, उपरणं भिजंल."

अशी बाई आपल्या गावची होती. ताठ मानेनं सांगा!

आता उभे राहू. क्षणभर गप्प. पण बायांनो, कडेवरचं लेकरू रडलं तर त्याला दटावू नका. पदराखाली घ्या. या गावात लेकराला घ्यायला आई आहे, एवढं काशव्वांना ऐकू जाऊ द्या.