चेतापेशी व्हायला कुणी तयार नाही

...नाही, पण मला सांगा, यात माझं काय चुकलं? ऊतिशास्त्र शिकवतो मी कॉलेजात. ऊती म्हणजे काय, तर एकाच कामाला जुंपलेल्या पेशींचं गणगोत. शिकवतो म्हणजे... तात्पुरता शिकवतो. वर्ष संपलं की प्राचार्य ठरवणार, ठेवायचा की घरी बसवायचा. आई रोज दारातच विचारते, "कायम झालास का रे?" ताप उतरला का विचारावं, तशी!

तर पालक बघायला येणार होते. प्रत्येक विभागानं काहीतरी दाखवायचं. प्राचार्य मला म्हणाले, "जिवंत काहीतरी दाखवा हो. बरणीतलं नको." आणि जाताजाता, "तुमच्या नेमणुकीचंही त्यानंतर बघू." झालं! मी म्हटलं, जिवंत चेता ऊती दाखवतो. मुलांचीच! व्हरांड्यात रांगेनं उभी करायची. एका टोकाला चेतापेशीचं मुख्य अंग, ती हुकूम सोडणार. तिथून निघालेला लांबलचक तंतू म्हणजे पुढची रांग. हुकूम म्हणजे चेंडू. आणि पार शेवटी स्नायू, त्यानं पाय उचलायचा. किती सोपं! मुलं म्हणाली, "सर, नाटक?" म्हटलं, विज्ञान आहे हे, नाटक नाही!

आता पेशी वाटायला घेतल्या, तर झाडून सगळ्यांना मुख्य अंगच व्हायचं. वर्गात एक आहे, त्याला सगळे पुढारी म्हणतात, कुणाचाही फोटो असो, हा मधोमध. तो म्हणाला, "सर, मुख्य अंग मीच. आईबाबा येणारेत." म्हटलं, आणि चेतापेशीला सांभाळणाऱ्या आधारपेशी कोण? तर पुढारी म्हणतो, "ते म्हणजे नाटकात झाड होतात तसंच ना?"

झाड! माझं डोकंच फिरलं. तुम्हाला सांगतो, मेंदूतल्या निम्म्याच्या आसपास पेशी या आधारपेशी असतात आणि हा त्यांना झाड म्हणतो! मी बोलायला लागलो. तास संपल्याची घंटा झाली, पुढच्या तासाची झाली, मी बोलतोच आहे. म्हटलं, अरे, चेतापेशी निरोप नेते, ठीक आहे, पण तिला खायला कोण घालतं? चांदणीसारख्या आधारपेशी! एक हात रक्तवाहिनीला, एक हात हिच्या पाठीवर. तंतूला वेटोळी घालून कोण बसतं? आधारपेशी! त्या वेटोळ्यांमुळे निरोप सरपटत न जाता मधल्या फटींवरून उड्या मारत जातो. निकामी झालेलं कोण उचलतं? त्याच! आणि नाव कुणाचं? ज्याच्या जिवावर सगळं चालतं त्याला नाव नको, जागा नको, मिरवणं नको... शेवटच्या बाकावरच्या मुलीनं डोळे पुसले हो. मला वाटलं, जिंकलो.

तो दिवस उजाडला. व्हरांडा पालकांनी भरला. मुलं आली... प्रत्येकाच्या काखेत चादर! नाहीतर हातात केळी, नाहीतर झाडू. म्हटलं, चेतापेशी कोण? सगळे खाली बघतात. पुढारी म्हणतो, "सर, मिरवायला लाज वाटते आता." अरे, पण आधार द्यायचा कुणाला? एक तरी नालायक लागेल ना मिरवायला!

मग काय करणार? हात रिकामे होते फक्त मोठ्या माणसांचे. प्राचार्यांना धरून टोकाला उभं केलं. "अहो, मला नाटकातलं काही येत नाही!" म्हटलं, सर, विज्ञान आहे हे, नाटक नाही. त्यांच्यापुढे आमच्या विभागप्रमुख बाई, मग कारकून, मग ग्रंथपाल, शेवटी मी. बाईंना आणि ग्रंथपालांना चादरीत गुंडाळायचं, कारकून म्हणजे मधली फट, तिथे चेंडू झेलायचा. तंतू आणि स्नायूमधल्या शेवटच्या फटीवरून मात्र चेंडू जात नाही, तिथे रसायनं लागतात, म्हणून मी अत्तराची कुपी उघडणार आणि वास आला की समोरच्या एका जाडजूड वडिलांनी पाय उचलायचा. ते स्नायू. आनंदानं तयार झाले बिचारे.

सुरू करा म्हटलं. प्राचार्यांनी हुकूम सोडायला तोंड उघडलं, चांदणीपेशीनं केळं घातलं. गिळून पुन्हा उघडलं, पुन्हा केळं! "अरे, पुरे..." "सर, उपाशी चेतापेशी मरते." इकडे बाईंभोवती चादरी चढतायत, एक, दोन, पाच... आतून आवाज, "सोडा मला!" बाहेरून, "मॅडम, जाड वेटोळं, जलद निरोप. सरांनीच शिकवलंय." पालक टाळ्या वाजवतायत. एक आजोबा विचारतात, "विनोदी आहे का हो?" म्हटलं, विज्ञान आहे हे, नाटक नाही!

शेवटी प्राचार्यांनी तोंड मिटून चेंडू फेकला. कारकुनाच्या हातून तो निसटला. बस! झाडूवाल्या सफाईपेशी धावल्या, "निकामी!" म्हणाल्या, आणि चौघांनी कारकुनाला उचलून सामानाच्या खोलीत नेऊन ठेवलं. आता फटच नाही, तर चेंडू झेलणार कोण? दुसरा चेंडू फेकला, तो थेट बाईंच्या चादरीवर आपटून जिन्यावरून खाली गेला. स्नायू विचारतोय, "उचलू का?" म्हटलं, थांबा, निरोप आलेला नाही. थांबला. इतका थांबला की शेवटी म्हणाला, "साहेब, पायाला मुंग्या आल्या." त्या दिवशी चेतासंस्थेनं केलेलं तेवढंच काम.

संध्याकाळी प्राचार्यांनी बोलावलं. मी आवराआवर करूनच गेलो होतो. तर म्हणाले, "उत्तम शिकवलंत."

माझा कानांवर विश्वास बसेना.

"आख्खा वर्ग बदलला. त्या पुढाऱ्यानं स्वतःहून मागे उभं राहावं? तुमच्यावाचून विभाग चालायचा नाही."

"आभारी आहे, सर."

"मुलं सांगत होती, ज्याच्या जिवावर सगळं चालतं त्याला जागा नको, मिरवणं नको, हे तुम्ही मनापासून बोललात?"

"अगदी मनापासून, सर!"

"मग तात्पुरतेच राहा."

बोलण्यासारखं सगळं मीच बोलून बसलो होतो! घरी आलो. आई दारातच. "कायम झालास का रे?" म्हटलं, आई, माझं तत्त्व जिंकलं. ती म्हणाली, "छान. आणि तू?"

म्हटलं, मी हरलोय. पण तात्पुरता.