क्लॅरनेट आन् म्होरलं दात

आमचं मूळ गाव आजऱ्याच्या अलीकडं, डोंगराच्या पोटाला, लई बारकं, नाव सांगून तुमास्नी कळायचं बी न्हाय. माझा आज्जा हलगी वाजवायचा. आवड म्हनून न्हाय बरं का, नेमून दिल्यालं काम म्हनून. म्हंजे गावात कुनाचं लगीन असू दे, कुनी मरू दे, जत्रा असू दे, सांगावा आला की उटायचं आन् जायचं, वाजवून झालं की लांब जाऊन बसायचं आन् वरनं टाकत्याल ती भाकरी झेलायची. मग आमच्या लोकांनी धम्म घेतला, तवा आज्जानं बी घेतला, आन् त्या दिवसापासनं त्येनं हलगीला हात लावला न्हाय. गावानं लई दम दिला म्हनं, पानी बंद केलं, कामाला बोलवायचं बंद केलं, पन म्हातारा हलला न्हाय. आज्जाला मी बगितलाच न्हाय, हे सगळं आईच्या तोंडचं. पन माझ्या बानं ते सगळं बारकं असताना डोळ्यानं बगितल्यालं, आन् त्येच्या डोक्यात ते असं बसलं हुतं की आमच्यातलं कुनी ताटलीवर नुसती बोटं वाजवली तरी बा वराडायचा, बंद कर ते.

बा आजऱ्यात काजूच्या कारखान्यात कामाला. काजूच्या टरफलाचं तेल लई वंगाळ, कातडं जाळतंय. बाचं हात मनगटापतुर कायम काळं, किती घासलं तरी जायाचं न्हाय. त्येचं एकच म्हननं, पोराच्या हाताला शाई लागू दे, हे काळं नको. पन मी कुठला शिकतोय. धाव्वीला गचकलो, आन् बानं मला कोल्हापूरला आत्तीकडं धाडलं. आत्तीच्या मालकांच्या वळकीनं शाहूपुरीत एका मशिनरीच्या दुकानात चिकाटलो, पेट्या उचलायच्या, पान्याच्या मोटारी टेंपोत चढवायच्या, असलं काम.

आता बगा, त्या दुकानाच्या वरच्या माळ्यावर बँडवाल्यांची खोली. दुपारच्याला वर तालीम चालायची. ढोल, ताशा, ट्रंपेट, सगळंच ऐकू यायचं, पन क्लॅरनेट सुरू झालं की काय सांगू तुमास्नी, माझ्या हातातली पेटी हातातच ऱ्हायची. ते मानसागत बोलतंय हो. रडतंय बी, हसतंय बी. जवा बगावं तवा माझा येक पाय जिन्यावर. शेवटी दुकानाचा मालक म्हनला, अरं मिल्या, तू कामाला खाली हाईस का वर, येकदा ठरीव.

मग येक दिस गेलो वर. तितं दस्तगीर वस्ताद बसल्यालं. बँडचं मास्तर तेच, क्लॅरनेट बी त्येंचंच. बारीक अंगाचा मानूस, तोंडात पान, बोलायला झणझणीत. मला म्हनलं, रोज जिन्यात हुबा ऱ्हातोस तो तूच न्हवं, वाजवायचं हाय काय? मी म्हनलं, व्हय. कुठला, कुनाचा, काय इचारलं न्हाय. म्हनलं, दात दाव. मी आ केलं. बैल घेताना बगत्यात तसं त्येंनी माझ्या तोंडात बगितलं आन् म्हनलं, म्होरलं दात चांगलं हायत, बस खाली. क्लॅरनेटचं कसं असतंय, तोंडात धरायचा जो भाग असतोय त्यावर वरचं दात टेकवायचं, खालचा व्हट खालनं लावायचा, आन् मग फुकायचं. दात हललं की सूर हलला. असं मी शिकलो, दुकान सुटल्यावर, रोज, आन् कधी दुकान सुटलं आन् बँडच ऱ्हायला ते माझं मलाच कळलं न्हाय.

बाला कळलं तवा तो यष्टी धरून आला. वर काय आला न्हाय, खाली रस्त्यावरच हुबा ऱ्हायला. मी खाली गेलो. बा म्हनला, तुझ्या आज्जानं जे खाली टाकलं ते तू उचललंस. मी म्हनलं, बा, ही हलगी न्हवं, हे क्लॅरनेट हाय, सगळ्या जातीची मानसं वाजवत्यात, आमचं वस्ताद मुसलमान हायत. बा म्हनला, वाद्याचं काय घिऊन बसलास, बोलावनं आलं की जायचं, दुसऱ्याच्या दारात हुबं ऱ्हायचं आन् त्येस्नी नाचवायचं, फरक काय त्यात? खरं सांगतो, त्येचं पुरतं उत्तर मला आज बी येत न्हाय. मी म्हनलं, मला कुनी नेमलं न्हाय बा, मी माझ्या पायानं वर चढलोय. बा तसाच माघारी वळला. आल्या यष्टीनं गेला, आन् मग लई दिस माझ्याशी बोललाच न्हाय. गावाकडं गेलो तरी आईला म्हनायचा, त्याला जेवायला वाढ.

काम कसं असतंय म्हनता? लगीनसराई लागली की अंगात तो लाल कोट, सोनेरी पट्टीचा, उनाळ्यात बी तोच. टेंपोत बसायचं, आज कागल, उद्या मुरगूड, परवा गडहिंग्लज. नवरदेव घोड्यावर, म्होरं दोस्तमंडळी नाचत्यात, आमी मधी. येका चौकातनं दुसऱ्या चौकात जायला अर्धी दुपार, का तर पोरं हलायचं नाव घेत न्हाईत, तेच गानं परत वाजवा म्हनत्यात, मास्तर, तेच हाना. त्येच त्येच गान्यानं व्हट बधिर हुत्यात. अक्षता पडल्या, शेवटचं गानं वाजवून झालं की आमी मांडवाच्या भाईर, सावली बगून बसायचं. पंगतीवर पंगती उटत्यात, मग कुनाला तरी आठवन हुती, अरं बँडवालं जेवलं काय? पन तक्रार न्हाय माझी. हे बी तेवढंच खरं की नवरदेवाची आज्जी, काठी टेकत आल्याली म्हातारी, क्लॅरनेट ऐकून काठी बाजूला टाकून नाचल्याली मी बगितली हाय. त्याला काय म्हनाल?

तर बाचं सांगत हुतो. आजऱ्यात जयंतीच्या मिरवनुकीला येका साली आमचाच बँड ठरला. मी वस्तादास्नी म्हनलं, मी येत न्हाय, तितं माझा बा असतोय. वस्ताद म्हनलं, म्हनूनच यायचं. गेलो. निळी निशानं, पांढरी लुगडी नेसल्याल्या बायका, सगळं माझंच गनगोत, आन् कडंला बा, धुतल्याला पांढरा सदरा घालून. मी आमच्यातलं गानं धरलं, बायका म्हनाय लागल्या, आन् बगतोय तर बाचं व्हट हलत्यात. गल्ली संपली, दुसरी लागली, बा कडंकडंनं चालतोयच. शेवटाला पानी प्यायला थांबलो तवा जवळ आला. क्लॅरनेट हातात घेतलं, त्या काळ्या बोटांनी त्याच्या चाव्या दाबून बगितल्या, आन् म्हनला, दम लागत न्हाय व्हय रं? तेवढंच. पन बोलला. फुडं दोन-तीन सालात गेला तो. मला बरं वाटतंय की बोलून गेला.

मग माझं लगीन झालं, शांता आली, सुजाता झाली. शांता चपात्या लाटायला जायची, मी बँडात, चाललं हुतं आमचं ब्येस. आन् मग ते गारगोटीचं झालं. लग्नाची वरात, भर बाजारात, नाच रंगात आल्याला. नवरदेवाचा मामा, धिप्पाड गडी, हात फिरवत फिरवत मागं आला, आन् त्येचं कोपार बसलं माझ्या क्लॅरनेटवर. वाद्य तोंडात, जायला जागा न्हाय. खाडकन आवाज झाला. मला आधी वाटलं क्लॅरनेट फुटलं, मी ते बगतोय, आन् कोट लाल म्हनून रगत दिसंना. मग जिभंला म्होरं मोकळं लागलं. वरचं दोन दात गेल्यालं. तो मामा रस्त्यातच खाली बसला, माझं हात धरलं, म्हनला, पावणं, लई लागलं काय, मला दिसला न्हाईसा हो. त्येच्याच डोळ्याला पानी आलं. त्येच्यावर काय राग धरायचा? खुशीत हुता गडी.

डॉक्टरनं कवळी बसवली. दिसायला झ्याक. पन क्लॅरनेट टेकवलं की कवळी हलायची, सूर चिरकायचा, गाडीचं ब्रेक लागल्यागत. बँडातल्यांनी मला काढलं न्हाय, खरं सांगतो. म्हनलं, ऱ्हा, झांज वाजीव. झांज वाजवायला काय लागतंय, हात लागत्यात. पन जवा गानं सुरू व्हायचं आन् क्लॅरनेटची जागा यायची तवा माझी बोटं झांजंच्या दोरीवर हलायची. घरी यायचो आन् भितीकडं तोंड करून बसायचो. शांता म्हनायची, अवं, जेवा तरी. मी म्हनायचो, मी दुकानात जातो परत पेट्या उचलायला. ती म्हनली, जावा की, पर मग ते क्लॅरनेट माझ्या डोळ्याम्होरनं हलवा, तुमी त्याच्याकडं बगताय ते मला बगवत न्हाय.

तवा वस्तादांनी मिरवनुकीत चालायचं सोडलं हुतं, गुडगं गेलतं त्येंचं. कुनीतरी त्येंच्या कानावर घातलं. मला निरोप आला, क्लॅरनेट घिऊन घरी ये. गेलो. त्येंनी चा दिला. चा झाल्यावर रिकामी बशी म्होरं वढली, तोंडात बोट घातलं, आन् वरची कवळी काढून बशीत ठेवली. मग खालची. तोंड येकदम बोळकं. मी बगतच ऱ्हायलो. माझं क्लॅरनेट घेतलं आन् तसंच, बिनदाताचं, वाजवाय लागलं. काय सांगू तुमास्नी, लोन्यागत सूर. शिकलो तवापासनं ऐकत आल्याला तोच सूर.

वाजवून झालं, कवळ्या परत घातल्या, आन् म्हनलं, वरचा व्हट आत वळवून दातावर पांघरून घातल्यागत घ्यायचा, दोन्ही व्हटांनी धरायचं, दाताची गरज न्हाय. मी म्हनलं, वस्ताद, तुमचं दात कवा गेलं? म्हनलं, तू जिन्यात हुबा ऱ्हायचास त्याच्या बी आधी. मी म्हनलं, मग त्या दिशी माझं दात कशाला बगितलंसा? म्हनलं, माझं गेलतं म्हनून.

त्येच्यानंतर वस्तादांच्या घरी जायचो, परत पयल्यापासनं, बारक्या पोरागत येकच सूर धरायचा. व्हट सुजायचं, मधमाशी चावल्यागत. शांता खोबऱ्याचं तेल लावायची. शेजारची म्हातारी इचारायची, शांते, तुझ्यात रोज कोंबडं कापत्यात व्हय गं? सुजाता तवा शाळंत, ती कानात बोटं घालून अभ्यास करायची, पन कधी म्हनली न्हाय की बाबा बंद करा. आन् येका दुपारी, ध्यानी मनी नसताना, सूर लागला. शांता भाईर कपडे वाळत घालत हुती, ती आत आली, हातात वलं कापड तसंच, आन् दारात हुबी ऱ्हायली. पुरं गानं ऐकलं आन् मग गेली कपडे वाळत घालायला.

आता माझा आवाज पयल्याइतका मोटा न्हाय, व्हटांनी तेवढा जोर येत न्हाय. वस्ताद म्हनायचं, जोर गेला पन गोडवा आला, घे की. आता तेबी न्हाईत. आन् आता मोट्या आवाजाचं काय घिऊन बसलाय, ट्रॉलीवर स्पीकर असत्यात, गानारा माइक घिऊन, क्लॅरनेटला बी बारका माइक लावत्यात. डॉल्बी आली, बेंजो आला, कामं कमी झाली, परत थोडी वाढली. चालतंय.

सुजाता नर्स झाली. परवाच्या सालात तिचं लगीन झालं, पोरगा इचलकरंजीचा, सरळ मानूस. माझ्या मनात हुतं, पोरीच्या लग्नात आपुन वाजवायचं. सगळं ठरीवलं हुतं मी मनात. तर ती म्हनली, बाबा, तुमी भाईर नको, तुमी आत, माझ्याजवळ. मग आमचीच पोरं आली वाजवायला, आन् मी नवा सदरा घालून हॉलमदी. वंदना झाली, हार घातलं, आन् भाईर बँड सुरू झाला. माझं हात कुठं ठेवायचं तेच मला कळंना. नवीन क्लॅरनेटवाला येका ठिकानी सूर थोडा उतरवतोय, माझी बोटं मांडीवर हलाय लागली. सुजातानं बगितलं, माझा हात धरला, म्हनली, बाबा, नुसतं ऐका की.

मग ऐकलं. लोकांच्या किती लग्नात मी भाईर हुबा ऱ्हाऊन वाजवलं, पन आत ते कसं ऐकू येतंय हे मला ठावंच न्हवतं. भितीतनं गाळून आल्यागत येतंय, लांबनं. ढोल कमी, क्लॅरनेट जास्ती. पोरगी चालली हे त्या सुरातनं कळतंय, कुनी सांगावं लागत न्हाय. मी रडलो, लपवायचं काय त्यात.

परवा परत काम हाय, कागलला. वराती म्होरं पोरं नाचत्याल, तेच हाना म्हनत्याल, आमी हानू. पन आता मांडवात अक्षता पडल्या की मी शेवटचं गानं जरा हळू घेतो. आत कुनीतरी पोरीचा बाप हात कुठं ठेवू म्हनत हुबा असतोय, त्येच्यासाठी. तुमच्या पोरीबाळी बी सुकात नांदू देत.