दादाचं कॅरेक्टर

'कॅरेक्टर' म्हणजे काय हो? आमच्या नाटकवेड्या वडसा गावात त्याचा अर्थ एकच, नाटकातली भूमिका.

विलायतेच्या कॉलेजच्या अर्जाला दादाला चालचलणुकीचा दाखला हवा होता. तो इंग्रजीच्या गुरुजींना एवढंच म्हणाला, "सर, मले कॅरेक्टर लिहून द्या." गावातली नाटकंही हेच गुरुजी बसवत आणि दादा त्यांत काम करी. त्यांनी बंद पाकीट दिलं आणि दादाने ते अर्जासोबत टपालात टाकलं.

संध्याकाळी गुरुजी चहाला आले. "झकास लिहिलं बापा! हा पोरगा दारू पितो, बायकोले हाकलतो अन् शेवटी खून करतो. तालुक्यात याच्या तोडीचा कोनी नाई!"

"सर, ते विलायतेच्या कॉलेजले पाठवलं मी!"

"काऊन, तिथी खलनायक लागत नाई काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा धावत टपाल कचेरीत पोचला, तेव्हा थैली गाडीने निघून गेली होती.