पाळण्याखालचं टेबल

जबाब देणार : सौ. छबूबाई रावजी कोकरे, वय ६१ वर्षे, धंदा शेती व दूध, रा. पणदरे, ता. बारामती, जि. पुणे.

विचारल्यावरून समक्ष सांगते की, मी वरील गावी पती रावजी व सून सृष्टी यांच्यासह राहते. माझा मुलगा मयत रविंद्र हा दोन वर्षांपूर्वी हायवेवर अपघातात गेला. सृष्टीला आम्ही माहेरी धाडले नाही. भिगवणच्या विराजशी तिचे लग्न आता आम्हीच जमवले आहे. लोक नावे ठेवतात, ठेवोत. पोरीने जन्मभर आम्हा म्हाताऱ्यांची तोंडे का बघावीत?

आज सकाळी घरी सुपारी फुटली. दुपारचे जेवण भिगवणजवळ जुन्या मठाचे हॉटेल झाले आहे तेथे होते. जागा सृष्टीने पसंत केली होती. मी व पती पुढे पोचलो.

त्या मठात पूर्वी नवसाचे मूल झाले की लाकडी पाळणा वाहत. लग्नानंतर आठ वर्षांनी रविंद्र झाला, तेव्हा आम्हीही वाहिला. पुढच्या फळीवर रावजींनी निळ्या रंगात ‘चि. रविंद्र’ लिहिले होते. मठ विकला तेव्हा आम्हाला कोणी विचारले नाही.

आत गेले तर ते पाळणे छताला टांगलेले व प्रत्येकात दिवा. पुण्याच्या डिझायनरची कल्पना, असे मॅनेजर कौतुकाने म्हणाले. आमच्या टेबलावर होता तो रविंद्रचा. रंग घासून काढला होता, तरी रावजींना आपली अक्षरे वाचता आली. बरोबर खाली सृष्टीचे ताट होते.

मी म्हणाले, “सायेब, येवढा एक उतरवा, न्हायतर आमाला दुसरीकडं बसवा.” ते म्हणाले, “मावशी, ते डिझाइन आहे. आणि बाकी टेबलं भरलीत.”

तेवढ्यात दारात सृष्टी व विराजची गाडी वाजली. आजच्या दिवशी पोरीने गेलेल्या नवऱ्याच्या नावाखाली घास कसा गिळावा, एवढेच माझ्या डोक्यात होते. म्हणून मी खुर्चीवर चढले. ती खुर्ची परदेशी असल्याचे नंतर कळले. तिचे पाय बगळ्याचे. माणसाने बसावे म्हणून केलेली दिसत नाही. पाळणा ओढला तशी तार तुटली, खुर्चीचा पाय मोडला व मी पडले. पाळणा पदराखाली झाकला हे खरे आहे. चोरीसाठी नाही, सृष्टीला दिसू नये म्हणून.

सृष्टी धावत आली. मी म्हणाले, “काय न्हाय गं, दिवा पडला.” तिने पदर बाजूला केला व जवळ बसून म्हणाली, “आई, जागा बघाय आले तवाच वाचलं हुतं मी. म्हणून तर हेच टेबल मागितलं. आजचं जेवण त्यांच्यासमोर व्हावं वाटलं. विराजलाबी ठावं हाय.” मग ती रडली. रविंद्र गेला तेव्हाही पोर एवढी रडली नव्हती. माझ्या हातून फार वाईट झाले.

खुर्चीचे जे होईल ते आम्ही भरून देऊ. मॅनेजरच्या तक्रारीवरून पाळणा ठाण्यात जमा आहे. तो हॉटेलला परत दिल्यास माझी हरकत नाही. फक्त त्याच टेबलावर टांगावा. सृष्टीचे जेवण राहिले आहे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. रविंद्रच्या नावाआधी ‘मयत’ लिहिले आहे. तेही बरोबर आहे.

(डाव्या हाताचा अंगठा)