पाण्याचा हबका

मंडळी, एक सांगा – माणूस सगळ्यात कडू कुणाशी बोलतो? शत्रूशी? छे! त्याच्यापुढं आपण शेपूट घालतो! सासूशी? तिथं जीभ चाचरते! जी निमूट ऐकून घेते, तिच्याशीच तोंड सुटतं! आणि सुटलेला शब्द माघारी घेता येतो का? ऐका तर!

वाईला यमुनाबाई म्हणून एक बाई. लाडवाला हात असा, की गावात लग्न ठरलं की आधी यमुनाबाईंना निरोप जायचा – रुखवताचे लाडू वळायला या! त्यांची लेक मृणाल, दिली होती कोल्हापुरात. नातीचा, ईराचा, पाचवा वाढदिवस, म्हणून आजी मदतीला गेली. "आई, यंदा चॉकलेटचे लाडू करायचेत!"

काय हो, लाडू म्हटल्यावर मागची मंडळी जागी झाली! हे बेसनाचे नव्हेत, महाराज! बिस्किटांचा चुरा, त्यात डब्यातलं घट्ट गोड दूध. वळायचे, फ्रिजात गार करायचे, आणि वितळलेल्या चॉकलेटात बुडवून काढायचे. साहेबी नाव – ट्रफल!

यमुनाबाईंनी चाळीस वळले, एकासारखा एक! मृणालनं उकळत्या पाण्यावर भांडं धरून चॉकलेट वितळवलं. शेजारच्या दोघी मैत्रिणी ओट्याशी उभ्या. तेवढ्यात फोन वाजला, मृणाल बाहेर गेली. इकडं चॉकलेट घट्ट व्हायला लागलं. आणि यमुनाबाईंनी काय केलं? जन्मभर केलं तेच! लाडवाचं मिश्रण कोरडं पडलं, की काय मारतात? सांगा ना, माउली! हबका! बोटं पाण्यात बुडवली आणि शिंपडलं!

अहो, चॉकलेटाचं आणि पाण्याचं हाडवैर! दोन थेंब पडले, की ओल्या वाळूसारखा गोळा! मृणाल आत आली, भांड्यात पाहिलं –

"आई! काय केलंस हे? कुणी सांगितलं होतं हात लावायला? तुझा हात लागला, की वाटोळंच होतं!"

मैत्रिणी खाली बघायला लागल्या. यमुनाबाई एवढंच म्हणाल्या, "चुकलं गं." आणि पदराला हात पुसला.

एक मैत्रीण म्हणाली, "अगं, गरम दूध घाल, ढवळत राहा." घातलं. चॉकलेट सैल झालं! बुडवायच्या लायकीचं नाही राहिलं, पण लाडवांवर ओतता आलं. पोरांनी ताटल्या चाटून पुसून साफ केल्या. ईरा आजीला म्हणाली, "आजी, तू ओत ना एकावर!"

"नको बाळा. माझा हात ओला असतो."

मृणालनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला एसटी स्टँडवर सोडताना तिच्या ओठांवर आलं होतं – आई, माझं चुकलं. आणि बोलली काय? "पोचलीस की फोन कर!" रस्त्यात परक्याला धक्का लागला तर दहादा माफी मागतो आपण, आईपाशी मात्र दातखीळ बसते!

दिवाळीला यमुनाबाई आल्या, स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या. "तूच वळ. मी सांगते." दोन दिवाळ्या अशाच गेल्या. आज बोलू, उद्या बोलू – मृणालचा उद्या काही उजाडला नाही!

मग यमुनाबाईंनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी मान हलवली. तेव्हा कुठं लेकीचा बांध फुटला. "आई, त्या दिवशी मी नको ते बोलले गं. माफ कर मला. एकदा डोक्यावर हात ठेव."

"वेडी! मी केव्हाच विसरले ते," म्हातारी हसली. हात उचलला... आणि मधेच थांबली. हात खाली घेतला, चादरीला पुसला – आधी तळवा, मग पाठ – आणि मग लेकीच्या डोक्यावर ठेवला!

हात कोरडा ठणठणीत होता, मंडळी! माफी खरी होती, मनापासून होती. पण शब्द खाली उतरून हातात जाऊन बसला होता. तिथून तो कोण काढणार? तिसऱ्या दिवशी यमुनाबाई गेल्या.

आता मला सांगा – तुमचा असा शब्द कुणाच्या हातात बसलाय? माना खाली घालू नका! जिची आई आज घरी जेवायची थांबली असेल, ज्याची आई गावाकडं एकटी असेल, तिनं, त्यानं आरतीपर्यंत थांबू नये. ऊठ! चप्पल घाल, जा! भर कीर्तनातून उठलास, म्हणून हा बुवा रागावणार नाही.

आणि ज्यांना आता जायला जागा नाही, त्यांनी बसा. माझ्याजवळ बसा.