अहो, झालं का?

— नको नको, त्या स्टुलावर नको बसू, ते करकरतं. इकडं खुर्चीवर ये. आणि कुबडी भिंतीला नीट टेकव, पडली तर माईकमध्ये बाँब फुटल्यासारखं येतंय. हां. यमाजीबाबाची नात ना तू, रोहिणी? वळखलं की! आंधळा असलो म्हणून काय झालं — पण खोटं कशाला बोलू, दारात कुबडीचा टुक आला तवा मी उठून उभाच ऱ्हायलो. आमची कारभारीण, प्रज्ञा, अशीच यायची. तिला लहानपणी पोलिओ झालेला, कुबडी डाव्या हाताला. तुझा टुक उजवीकडनं आला, मंग खाली बसलो. चहा घेतीस? न्हाई? बरं. मी बी न्हाई घेत कामाच्या आधी, घशात चिकटतो.

सरपंचांनी धाडलं ना? कालच कळलं मला. बिबट्याची सूचना नव्या आवाजात पायजे म्हणाले, पंधरा ऑगस्टला रोहिणी काय झकास बोलली म्हणाले. देऊ की करून, आपला धंदाच तो. भंगारवाला, बोंबीलवाली, साड्यांचा सेल — मंचरपासनं जुन्नरपतोर जेवढ्या गाड्या वरडत फिरतात, त्यातल्या निम्म्या या गाळ्यातनं गेल्यात, आणि सगळ्या प्रज्ञाच्या तोंडनं वरडतात. ती जाऊन वर्स व्हत आलं, तरी वरडतात. पण आत्ताच नको चालू करूया. पंचायतीची गाडी यायचीय. दिवेलागणीला हितनंच जाती, मंग पार उसाच्या कडंकडंनं फिरती, तिचा आवाज माईकमध्ये शिरतो. गाडी जाऊ दे, मंग आपुन बसू.

काय चाचपतीस, भिंत? घोंगड्या गं त्या. तुझ्या आज्यानंच दिलेल्या, इरलेल्या, जुन्या. नवा गाळा, वर पत्रा, काय बोललं की नुसतं घुमायचं. यमाजीबाबा आला, जरा वेळ बसला, आणि दुसऱ्या दिवशी मेंढरांच्या वाड्यावरच्या सगळ्या घोंगड्या आणून टाकल्या. घे म्हणाला, यात लांडग्याचा आवाज शिरत न्हाई. वास येतोय ना आजून? पावसाळ्यात तर लई येतो. प्रज्ञा हसायची, म्हणायची, अहो, आपला स्टुडिओ व्यालाय वाटतं.

गाळा कसा मिळाला म्हायतीय तुला? तू ल्हान व्हतीस. तिनं कुठनं तरी दिव्यांगांच्या हक्काच्या कायद्याचं पुस्तक आणलं. मला कसं वाचता यायचं — म्हणून जेवण झालं की मोबाईल चालू करायची नि मोठ्यानं वाचायची, एकेक कलम. आमच्या घरात कायदा वाचायला कुणी लाजत न्हाई, पण बाई तो असा वाचायची, की मेथी निवडत बसलीय नि शेजारणीला काय तरी सांगतीय. ती आमची पयली रेकॉर्डिंग. आख्खा कायदा हाय माझ्याकडं तिच्या आवाजात. मंग पंचायतीनं योजनेतनं वीस गाळे बांधले, तवा ही ग्रामसभेत कुबडीवर उभी ऱ्हायली. पाच टक्के राखीव, म्हंजे वीसात एक आमचा. मागनं कुणी तरी म्हणालं, आंधळ्याला नि लंगडीला गाळा कशाला, पेन्शन मिळती की! — नाव न्हाई सांगत, तुमच्या वस्तीवरचाच हाय, आता सुधारलाय. ही म्हणाली, पेन्शन पोटाला, गाळा धंद्याला, आणि मागत न्हाई मी, सदतिसावं कलम वाचून दाखवतीय. दाखवलं बी. गाळा तिच्या नावावर झाला. माझ्या न्हाई, तिच्या. ते एक ध्यानात ठेव.

तर काय सांगत व्हतो — हां, सूचना. तिची एक खोड व्हती. वाचून संपलं की हलायची न्हाई. तशीच बसायची आणि इचारायची, "अहो, झालं का?" मी "झालं" म्हणालो की मंग श्वास सोडायची, खुर्ची सरकायची, बांगड्या वाजायच्या. तवर पुतळा. एकदा मला डुलकी लागली तर बया तशीच बसून, मी जागा झालो तरी बसलेलीच! ते शेवटचं "अहो, झालं का" मी कापून टाकायचो. खोकला कापायचो, अडखळली ते कापायचो. टाकायचो म्हंजे — फेकलं काय बी न्हाई. हाय सगळं. तिचं हसणं हाय, शिंक हाय, पदर माईकला घासलेला हाय. लोकांना आवाज गेला सोन्यासारखा, आणि माझ्याकडं ऱ्हायला तो हा चुरा.

बिबट्याची सूचना केली तवा ताप व्हता तिला. नको म्हणालो. ती म्हणाली, तिकडं पोरं उसाच्या कडंला खेळत्यात, नि तुमी ताप काय घेऊन बसलात. वाचली. मी खोकला कापत बसलो, तेवढ्यात ती खाली कलंडली. माझा भाऊ रुपेश गाडी घेऊन आला, आणि पंचायतीचा ड्रायव्हर बी दारात, पेनड्राईव्ह द्या, पेनड्राईव्ह द्या — दिला तसाच. शेपूट कापायचं ऱ्हायलं. पुण्याच्या दवाखान्यातनं ती बोलत न्हाई आली परत. सगळं उरकून लोकं पांगली, मी हितं दारात बसलो, आणि गाडी आली. तिच्याच आवाजात. अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटे सोडू नये. आणि शेवटी — त्या भोंग्यातनं, आख्ख्या गावाला ऐकू जाईल असं — अहो, झालं का?

तवापासनं रोज. हां, म्हायतीय, म्हायतीय, तुझ्या वस्तीवरच्या बाया भितात. साळुबाई तोंडावर बोलून गेली मला, मेलेल्या बाईनं तिन्हीसांजंला असं इचारू नये, राजरत्न, नवऱ्याला न्यायला येती ती. कापायला कितीसा वेळ लागतोय? चुटकीसरशी. ड्रायव्हर चार बारी पेनड्राईव्ह घेऊन आला, मी चार बारी म्हणालो, मशीन बिघडलंय. पोरं तर गाडीच्या मागं पळतात आणि वरडतात, "झालं! झालं!" — त्यांना खेळ. मी न्हाई कधी बोललो. एकदा बी न्हाई. कारण मी झालं म्हणालो की ती उठंल ना. म्हणून बसवून ठेवलीय तिला. वर्सभर. दमली असंल गं.

का बोलतोय मी हे तुझ्यासंगं? — न्हाई, रडत न्हाई, नाक चोंदलंय. घोंगडीचं बारीक केस.

आता दुसरं. उद्या ग्रामसभा हाय. प्रज्ञाच्या माघारी गाळा कुणाला द्यायचा. माझा बी अर्ज हाय, तुझा बी हाय. लाजतीस कशाला? मोबाईल दुरुस्ती शिकून आलीस मंचरला, घरात लोकं मोबाईल घेऊन येईनात, दुकान पायजेच की! मला बी राग आला व्हता तुझा, सांगतो. ह्या घोंगड्या, ही भिंत — हितं ती बसायची, त्या खुर्चीत, जिच्यात तू बसलीस — आणि हितं कुणी तरी फुटक्या मोबाईलच्या काचा बदलणार? मंग मी कायदा लावला. तिचा. म्हणलं, बाईच सांगंल, मेलेलीचा गाळा नवऱ्याला मिळतो का. सगळा ऐकला. मेलेल्या माणसाचं त्यात काय बी न्हाई. आणि सदतिसाव्यात आलं — राखीव पाच टक्के, आणि त्यात दिव्यांग महिलांना प्राधान्य. तिथं ती टेबलावर हात मारती. त्याच ओळीवर मिळाला व्हता आमाला.

तेवढं कापलं मी. हो. प्राधान्य तेवढं कापलं. उद्या सभेत वाजवणार व्हतो. प्रज्ञाचा आवाज लागला की कोण तोंड उघडणार? गाव मान खाली घालून ऐकंल, गाळा माझा. कापलं, जोडलं, सफाईदार, तुला काय कुणाला बी कळणार न्हाई. मंग लावून बघितलं. आणि — कसं सांगू — तिथं श्वास नव्हता. आधी श्वास घेती ना ती, मंग ते जोरात म्हणती. मी ते काढलं तर नुसती सपाट पुढं गेली. वर्सभर मेली नव्हती गं ती माझ्यासाठी. त्या जोडावर मेली. मीच... पुन्हा व्हतं तिथं बसवलं सगळं. हात मारलेला सुदीक बसवला. तरी आता कुठं बी लावलं की मी त्या जागंला दचकतोय.

उद्या मी अर्ज माघारी घेतोय. गप, मधी बोलू नको. उपकार न्हाई करत, कलम हाय. मशीन घरी नेईन, पडवीत बसंन, तिथं कोंबड्या वरडतील तर वरडू दे. घोंगड्या ठेव, तुझ्या आज्याच्याच हायेत. चावी खिळ्याला हाय, दाराच्या मागं, कुलूप जरा वर उचलून फिरवावं लागतं—

थांब. आली. ऐक.

आत्ता वळणावर हाय. "ग्रामस्थांना कळविण्यात येते की..." — हितं दम लागलाय तिला, ऐकलंस? मला तवा कसं ऐकू आलं न्हाई. "...परिसरात बिबट्याचा वावर..." जवळ आली. पोरं बी हायेत मागं. "...लहान मुलांना एकटे सोडू नये." आता. आता इचारंल.

"अहो, झालं का?"

झालं गं, प्रज्ञा. झालं. ऊठ आता.

...

गेली गाडी. दारावरची घोंगडी ओढून घे, रोहिणी. सूचनेचा कागद हातात चुरगाळू नको, मांडीवर ठेव. खोकला आला तर येऊ दे, मी कापणार न्हाई. मी बोट वर केलं की चालू. आता मी गप बसतो.

हां. बोल.